अवटू ग्रंथीची अतिक्रियाशीलता : उपचारांचा इतिहास आणि रुग्णाचे जीवन

वैद्यकाच्या इतिहासात एखाद्या रोगाची हकीकत बहुधा तो प्रथम ओळखणाऱ्यांच्या नावांनी सांगितली जाते. अवटू ग्रंथीच्या, म्हणजेच थायरॉईडच्या, अतिक्रियाशीलतेबाबतही तसेच घडले आहे. तिचे सर्वाधिक आढळणारे कारण असलेला विकार इंग्रजी ग्रंथांत ग्रेव्हज यांच्या, तर जर्मन ग्रंथांत बासेडो यांच्या नावाने ओळखला जातो आणि या मानाचा खरा अधिकारी कोण, यावर बरीच शाई खर्ची पडली आहे. तो वाद येथे गौण होय. छातीत धडधड, हातांना कंप, उष्मा सहन न होणे, भरपूर खाऊनही वजन घटणे, निद्रानाश आणि अकारण चिडचिड ही लक्षणे सोसणाऱ्या रुग्णाच्या वाट्याला त्या त्या काळात काय आले, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते.

इंग्लंडमधील बाथ येथील वैद्य केलेब पॅरी यांनी असा पहिला रुग्ण १७८६ मध्ये पाहिला. त्यांची टिपणे मात्र मृत्यूनंतर १८२५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत चाकाच्या खुर्चीतून फेकली गेल्याने भेदरलेल्या व तेव्हापासून धडधडीने त्रस्त झालेल्या एका तरुणीची नोंद आहे. डब्लिनचे रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ मध्ये तीन स्त्रियांचे वर्णन केले, तेव्हा या विकाराचा संबंध हिस्टेरियाशी असावा असे त्यांना वाटले. मेर्सेबुर्गचे कार्ल फॉन बासेडो यांनी १८४० मध्ये गलगंड, बाहेर आलेले डोळे व धडधड ही तीन लक्षणे एकत्र मांडली. तरीही ग्रंथीचा अतिरिक्त स्राव हेच मूळ कारण असावे, हे मोबियस यांनी सुचवेपर्यंत १८८६ साल उजाडले. हा विकार स्त्रियांत पुरुषांपेक्षा कितीतरी पटींनी अधिक आढळतो. त्यामुळे शरीरातील एका ग्रंथीचा दोष स्त्रीच्या नाजूक मज्जांच्या व स्वभावाच्या माथी मारला जाणे त्या काळात सोपे होते. ही समजूत पुढेही सहजासहजी पुसली गेली नाही.

उपचार म्हणून प्रथम शस्त्रक्रिया पुढे आली. बर्न येथील थिओडोर कोखर यांनी गलगंडाच्या शस्त्रक्रियेतील मृत्यूंचे प्रमाण विलक्षण कमी केले व त्यांना १९०९ चे नोबेल पारितोषिक लाभले. तथापि संपूर्ण ग्रंथी काढलेले रुग्ण मंद, सुजलेले व निरुत्साही होतात, हे त्यांनीच १८८३ मध्ये नोंदविले होते. अतिक्रियाशील ग्रंथीच्या रुग्णाला आणखी एक धोका होता. शस्त्रक्रियेच्या भीतीने व आघाताने त्याची लक्षणे एकाएकी भडकून मृत्यू ओढवत असे. यावर क्लीव्हलँडचे शल्यचिकित्सक जॉर्ज क्राइल यांनी योजलेला मार्ग या इतिहासातील सर्वांत विचार करायला लावणारा आहे. शस्त्रक्रियेचा दिवस रुग्णाला सांगितलाच जात नसे. भूल देण्याची तालीम त्याच्या खोलीतच होई. एके दिवशी मात्र खरी भूल दिली जाई आणि जाग आल्यावर रुग्णाला कळे की ग्रंथी काढून झाली आहे. याला त्या काळी ग्रंथी ‘चोरणे’ असेच म्हटले जाई. आजच्या निकषांवर ही फसवणूकच ठरते. पण भीतीचा रुग्णाच्या देहावर प्रत्यक्ष परिणाम होतो, हे क्राइल यांनी गांभीर्याने घेतले होते, हेही विसरता येत नाही. पुढे १९२३ च्या सुमारास मेयो क्लिनिकमधील हेन्री प्लमर यांनी शस्त्रक्रियेपूर्वी आयोडीन देऊन ग्रंथी शांत करण्याची पद्धत रूढ केली आणि अशा चोरीची गरज उरली नाही.

१९४० च्या दशकात चित्र पालटले. बोस्टन येथे सॉल हर्ट्झ यांनी मार्च १९४१ मध्ये पहिल्या रुग्णाला किरणोत्सर्गी आयोडीन दिले. एडविन ॲस्टवुड यांनी १९४३ मध्ये ग्रंथीतील संप्रेरकनिर्मिती रोखणारी औषधे वापरात आणली. भारतात आज परिचित असलेले कार्बिमॅझोल त्याच कुळातील. १९६० च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल आले. ते ग्रंथीला हात लावत नाही, परंतु धडधड व कंप लवकर आटोक्यात आणते. दम्याच्या रुग्णाला मात्र ते सहसा देत नाहीत. रोजच्या जगण्याच्या दृष्टीने या साध्या गोळीचे मोल मोठ्या शोधांहून कमी लेखता येणार नाही.

या प्रत्येक उपचाराने रुग्णाचा भार नाहीसा केला असे नव्हे. त्याचे रूप बदलले. गोळ्या सामान्यतः वर्ष-दीड वर्ष घ्याव्या लागतात आणि त्या थांबविल्यावर विकार अनेकांमध्ये उलटतो. क्वचित प्रसंगी त्या रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटवितात. म्हणून ताप येऊन घसा दुखू लागला तर गोळी थांबवून त्वरित रक्ततपासणी करावी लागते. ही सूचना रुग्णाला पहिल्याच दिवशी स्वच्छ शब्दांत मिळणे अगत्याचे असते.

महाराष्ट्रात या इतिहासाचा धागा तुर्भे व परळ येथे जुळतो. भाभा अणुसंशोधन केंद्राचे विकिरण वैद्यक केंद्र १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाले आणि तुर्भ्याच्या अणुभट्ट्यांतून निर्माण होणारी समस्थानिके रुग्णसेवेत आली. किरणोत्सर्गी आयोडीन घेतलेल्या रुग्णाने काही दिवस लहान मुले व गरोदर स्त्रिया यांच्यापासून अंतर राखायचे असते. एका खोलीत संसार थाटलेल्या कुटुंबातील मातेला हा नियम पाळणे औषध गिळण्याइतके सोपे नसते. गरोदरपणात तर हा उपचार वर्ज्यच आहे. पुढे बहुतेकांची ग्रंथी मंदावते व थायरॉक्सिनची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी, आयुष्यभर घ्यावी लागते. कोखर यांच्या रुग्णांची जी अवस्था १८८३ मध्ये शोकांतिका होती, ती आज या गोळीच्या भरवशावर जाणीवपूर्वक पत्करली जाते.

डोळ्यांचा प्रश्न मात्र निराळा राहिला. ग्रंथी ताब्यात आली तरी बाहेर आलेले डोळे पूर्ववत होतीलच असे नाही. किरणोत्सर्गी आयोडीनने ते काहींमध्ये अधिक बिघडतात आणि धूम्रपान करणाऱ्यांमध्ये हा धोका वाढतो.