निर्वाताने उघडणारे दिवे

साजगावाजवळच्या बोरघाटात आगगाड्यांना पूर्वी निर्वात ब्रेक असत. नळी फुटून हवा शिरली, की ब्रेक आपोआप लागत. १९६२ च्या लोटस एलान या स्पोर्ट्स गाडीत निर्वातच होता, पण उलटा! इंजिनाच्या ओढीने बॉनेटमधले दिवे वर येत. गळती झाली की खाली बसत. रात्री, घाटाच्या वळणावर, हे केवढ्याला पडेल? १९३६ च्या कॉर्डमध्ये निदान हाताने फिरवायचा दांडा तरी होता.

एलानचे दिवे अडकले तर आम्ही आधी रबरी नळ्या पाहू, मग पडदा, मग सांगाड्याची पुढची पोकळ आडवी तुळई. निर्वाताचा साठा तिच्यातच असतो. तिला गंजून भोक पडले, तर नव्या नळ्या व्यर्थ. पुढच्या काही एलानमध्ये मात्र स्प्रिंग दिवे उचलू लागली आणि निर्वात त्यांना खाली धरू लागला.