मामाची मुलगी आणि शिळं अन्न

आजीचं लग्न तिच्या सख्ख्या आतेभावाशी झालेलं. घरात कुणाला त्यात कधी वावगं वाटलं नाही. हॉस्टेलवर उत्तर प्रदेशातल्या मैत्रिणीला हे सांगितलं, तर तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिच्या लेखी ते भावाबहिणीचंच लग्न, म्हणजे पाप! बरं, आमच्याकडेही मुलानं मामाची मुलगी केलेली चालते, आत्याची चालत नाही. का, विचारलं तर आई म्हणते, "तसं नसतं गं."

माझ्या प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात मी 'निषिद्ध' आणि 'अनैतिक' हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले होते. सरांनी प्रत्येक ठिकाणी लाल गोल केला आणि बौधायन धर्मसूत्र वाचायला लावलं.

त्यात दक्षिणेचे पाच आचार दिलेत: मुंज न झालेल्यासोबत जेवणं, बायकोसोबत जेवणं, शिळं खाणं, मामाच्या मुलीशी लग्न, आत्याच्या मुलीशी लग्न. उत्तरेच्या यादीत लोकरविक्री, मद्यपान, समुद्रप्रवास वगैरे. ज्याचा आचार त्याच्या मुलखात चालतो, दुसऱ्यानं केला तर दोष. लगेच पुढे गौतमाचं विरोधी मतही नोंदवलंय. म्हणजे वाद तेव्हाही मिटलेला नव्हताच.

मी अडखळले ती शेजारावर. लग्नाचा नियम शिळ्या अन्नाच्या पंक्तीला बसलाय! आज आपण एकाला नीतीचा प्रश्न म्हणतो, दुसऱ्याला सवयीचा. यादी करणाऱ्यानं हा भेद केलेला नाही. जुना निषेध वाचताना म्हणूनच त्याच्या मागेपुढे काय लिहिलंय ते आधी बघा.

पुढे कुमारिल भट्टाला अर्जुन-सुभद्रेची अडचण झाली, कारण सुभद्रा अर्जुनाच्या मामाची मुलगी. त्यानं ती वसुदेवाची सख्खी मुलगीच नव्हती असं सांगून वाट काढली. निषेध आधी पक्का, नातं मागाहून दुरुस्त! (असं आपणही पुराव्यांचं करतो कधीकधी.)

1955 च्या हिंदू विवाह कायद्यानं आते-मामे भावंडांचं लग्न निषिद्ध नात्यांत टाकलं, पण दोन्हीकडे तशी रूढी असेल तर सूट ठेवली. मात्र रूढी दीर्घकाळ, अखंड पाळलेली हवी. शिवाय ती अवाजवी किंवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध नको. 'अवाजवी' कुणाच्या नजरेतून? वाद कोर्टात गेला आणि रूढी सिद्ध झाली नाही, तर लग्नच रद्दबातल. आजीसारख्या बाईनं ती कशी सिद्ध करायची, लग्नपत्रिका दाखवून की गावातल्या म्हाताऱ्यांच्या साक्षीनं? माझं तिसरं प्रकरण सध्या तिथंच अडलंय.