पोटातली वस्ती



‘जंतू’ हा शब्द कानी पडला की आपण आधी हात धुवायला धावतो. ते योग्यच आहे, धुवावेत. पण हा शब्द आपल्या मनात इतकी भीती का धरून बसला आहे, याचा विचार कधी केलात का? त्यामागे मुंबईचा एक जुना इतिहास आहे. आज त्याच इतिहासाचा पुढचा भाग सांगायचा आहे. तो परळला सुरू होतो, पुण्याजवळच्या खेड्यांतून फिरतो आणि मुंबईच्या उपनगरांतल्या झोपडवस्त्यांत येऊन पोचतो.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे रोगी ओळखले. शहराची दाणादाण उडाली. माणसे घरे टाकून गावाकडे पळाली. तेव्हा डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या लहानशा जागेत प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली. दोन वर्षांनी, 1899 साली, त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली. 1925 पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतात. जंतू हा शत्रू, त्याला ओळखा आणि आवरा, हा धडा त्या पिढीने जीव देऊन शिकला. धडा खरा होता, पण तो अर्धा होता. उरलेला अर्धा धडा सुरू झाला तोही त्याच वास्तूत.

1928 साली डॉ. ल्यूसी विल्स या इंग्रज संशोधिका मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरीब बाया गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत. अंगात रक्त नाही, पायांवर सूज, चार पावले चालले की दम. कित्येक जणी बाळंतपणात दगावत. त्यांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरले की तांबड्या पेशी संख्येने कमी आणि आकाराने मात्र मोठ्या दिसत. विल्सबाईंनी हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम मांडले. त्यांच्या निबंधांवर सहकारी म्हणून मेहता आणि तळपदे ही नावे छापलेली आहेत. तळपदे यांच्याबरोबर त्यांनी मुंबईतल्या बायकांच्या खाण्याची आणि राहणीची पाहणी केली. कोण काय खाते, भाजी किती, दूध किती, हे नोंदले. ज्यांचे ताट सर्वांत रिकामे, त्यांच्यात हा रोग सर्वांत जास्त, असे दिसून आले.

मग त्याच धर्तीचे निकस अन्न त्यांनी प्रयोगातल्या जनावरांना घातले. जनावरांनाही रक्तक्षय झाला. नाना उपाय करून पाहिले, आणि गुण आला तो एका अगदी साध्या, स्वस्त पदार्थाने. तो म्हणजे मार्माइट, यीस्टचा अर्क. पुढे बायांनाही तोच दिला आणि त्यांचे रक्त भरून आले. 1931 साली हे काम इंग्लंडातल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. आता यीस्ट म्हणजे काय? पाव फुगवणारा, ताडी आंबवणारा, डोळ्यांना न दिसणारा एक सूक्ष्म जीवच की! ज्या वास्तूत जंतू मारण्याची विद्या वाढली, तिथेच एका सूक्ष्म जीवाने गरोदर बायांचा जीव वाचवला.

त्या अर्कात नेमके काय होते, ते पुढे दहा वर्षांनी कळले. 1941 साली अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी चार टन पालक कुटून, गाळून तेच द्रव्य हाती आणले. लॅटिनमध्ये पानाला ‘फोलियम’ म्हणतात, म्हणून त्याला फोलिक आम्ल हे नाव मिळाले. आज आरोग्य उपकेंद्रात गरोदर बाईच्या हातात लोह-फोलिक आम्लाची गोळी पडते, तिचे मूळ असे परळमध्ये आहे.

या फोलिक आम्लाचा एक जोडीदार आहे, बी-बारा जीवनसत्त्व. 1948 साली ते शुद्ध रूपात मिळाले. त्याची गंमत अशी की ते कोणतीही वनस्पती करीत नाही, गायही करीत नाही आणि माणूसही करीत नाही. ते करतात फक्त जिवाणू आणि त्यांच्याच जातकुळीतले सूक्ष्म जीव. गाईच्या पोटातले जिवाणू ते तयार करतात, म्हणून ते दुधात उतरते. मग आपल्या पोटात जिवाणू नाहीत का? आहेत, आणि अब्जावधी आहेत. 1980 साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या अल्बर्ट, मथन आणि बेकर या संशोधकांनी दाखवून दिले की माणसाच्या लहान आतड्यातले काही जिवाणूही बी-बारा तयार करतात. पण जिवाणूंची खरी दाट वस्ती मोठ्या आतड्यात असते, आणि हे जीवनसत्त्व शोषले जाते त्याच्या अलीकडे, लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला. कालवा वरच्या अंगाला फुटलेला आणि पाणी साठले खालच्या अंगाला, तर शेताला त्याचा काय उपयोग? तसेच हे झाले. म्हणून पोटात कारखाना असूनही बी-बारा आपल्याला बहुतांशी ताटातूनच घ्यावे लागते: दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून.

आता पुण्याकडे वळू. 1993 साली पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी जवळच्या सहा खेड्यांत गेले. इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल त्यांच्यासोबत होत्या. शेतात राबणाऱ्या, विहिरीचे पाणी वाहणाऱ्या बायांच्या गरोदरपणाची आणि बाळांची बारीक मापे घेतली गेली. साउदॅम्प्टनचे बाळ सरासरी 3.5 किलोचे, तर आपले 2.7 किलोचे. सगळीच मापे त्याच प्रमाणात लहान असती तर नवल नव्हते. पण स्नायू आणि पोटातली इंद्रिये फार लहान, आणि कातडीखालची चरबी मात्र बरीचशी टिकून, असे दिसले. दिसायला किडकिडीत, पण आतून चरबी जपलेले बाळ! अंगाने बारीक असणाऱ्या आपल्या माणसांना मधुमेह का होतो, हे कोडे उलगडण्याचा धागा तिथे सापडला.

त्याच खेड्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश गरोदर बायांच्या रक्तात बी-बारा कमी होते. फोलिक आम्ल मात्र बहुतेकींचे पुरेसे होते. मुले सहा वर्षांची झाल्यावर त्यांची तपासणी झाली. इन्सुलिन हा रस म्हणजे साखरेला पेशीत शिरू देणारी किल्ली. ज्या आयांचे बी-बारा कमी आणि फोलिक आम्ल जास्त होते, त्यांच्या मुलांत ही किल्ली सर्वांत जड फिरत होती. 2008 साली हे प्रसिद्ध झाले. याचा अर्थ फोलिक आम्लाची गोळी टाकून द्यावी असा मुळीच नाही. जोडीतल्या एका बैलावर औत चालत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

याच पाहणीतून पुण्याच्याच डॉ. शोभा राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली आणखी एक गोष्ट पुढे आणली. ज्या आया गरोदरपणी दूध, फळे आणि हिरव्या पालेभाज्या वरचेवर खात, त्यांची बाळे जन्मतः मोठी भरत. पण इथे शंका येते. अशा घरची सुबत्ताही जास्त असेल. मग गुण भाजीचा की सुबत्तेचा? याचा निवाडा करायचा तर प्रयोगच करायला हवा.

तो प्रयोग मुंबईच्या उपनगरात झाला. 1990 साली मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा झाला, त्याचे मुख्य ठाणे वांद्रे. अंधेरी, बोरीवली, घाटकोपर, मुलुंड ही नावे तुम्हाला परकी नाहीत. कुणाचा मुलगा, कुणाची लेक, कुणाचा दीर तिकडे पोटामागे गेलेला असतोच. वांद्र्याच्या ‘सेंटर फॉर द स्टडी ऑफ सोशल चेंज’ या संस्थेतले डॉ. रमेश पोतदार, त्यांचे सहकारी आणि पुन्हा डॉ. फॉल यांनी 2006 साली झोपडवस्त्यांतल्या बायकांसाठी हे काम हाती घेतले. त्याला ‘सरस’ असे सुटसुटीत नाव होते. एकंदर 6,513 बायकांनी नाव नोंदवले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला रोज खाऊ मिळे तो पालेभाजी, फळ आणि दूध घालून केलेला. दुसऱ्या गटाला तसाच दिसणारा, पण बटाटा, कांदा, साबूकंद असल्या जिनसांचा. आठवड्यातले सहा दिवस बाईने केंद्रावर यायचे, सेविकेसमोर खाऊ खायचा आणि सेविकेने वहीत नोंद करायची. विशेष म्हणजे दिवस गेल्यावर नव्हे, तर दिवस जाण्याच्या आधीपासून हे सुरू झाले.

निकाल काय लागला? जसा आहे तसाच सांगतो. 2014 साली छापून आलेल्या अहवालाप्रमाणे सर्वांचा मिळून विचार केला तर बाळाच्या वजनात ठाम म्हणावी अशी वाढ झाली नाही. ज्यांनी गरोदर राहण्याआधी किमान तीन महिने खाऊ सुरू केला होता, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी 48 ग्रॅमने जास्त भरले. आणि फार कृश बायांच्या बाळांना तर लाभ दिसलाच नाही. आई जितकी भरलेली, तितका गुण जास्त. म्हणजे उपाशी अंगाला मूठभर पालेभाजी पुरत नाही, आधी पोटभर अन्न लागते. गरिबीवर खाऊचा उतारा नसतो, हेही या प्रयोगाने सांगितले.

पण दुसरीकडे एक मोठी गोष्ट हाती आली. 1,008 गरोदर बायांची साखर तपासली होती. बटाटा-कांद्याच्या गटात 12.4 टक्के जणींना गरोदरपणातला मधुमेह झाला होता. पालेभाजी-दुधाच्या गटात 7.3 टक्के जणींना. डॉ. सिराझुल सहारिया आणि सहकाऱ्यांनी 2016 साली हे प्रसिद्ध केले. गरोदरपणी साखर वाढली की आईला पुढे मधुमेहाचा धोका राहतो आणि बाळालाही. मूठभर पाला, थोडे फळ, थोडे दूध, आणि त्याचा परिणाम दोन पिढ्यांच्या आरोग्यावर! महागड्या औषधाला हेवा वाटावा असा हा हिशेब आहे.

यात पोटातल्या वस्तीचा हात किती? या निकालात मोजली होती ती साखर, जिवाणू नव्हेत. तेव्हा सगळे श्रेय त्यांच्या पदरात टाकू नये. पण पाल्यातला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचे अन्न असतो, हे पक्के आहे. ते तो आंबवतात आणि त्यातून सौम्य आम्ले तयार होतात. त्यांतल्या एकावर आतड्याच्या अस्तराचा मुख्य निर्वाह चालतो. आपण जेवतो तेव्हा घरचा आणि पाहुणा असे दोघेही जेवतात, बरं का!

या पाहुण्यांची शिरगणती आता आपल्याकडेही सुरू झाली आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातले डॉ. योगेश शौचे आणि त्यांचे सहकारी यांनी 2012 साली दोन एकत्र कुटुंबांतल्या तीन-तीन पिढ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घर तेच, चूल तीच, तरीही नातू, बाप आणि आजोबा यांच्या पोटातल्या वस्तीत वयाप्रमाणे फरक दिसला. त्यांच्याच 2016 च्या अभ्यासात आपल्या लोकांत प्रेव्होटेला या जातीचे जिवाणू विशेष आढळले. धान्य-भाजीचा भरपूर चोथा खाणाऱ्यांत ही जात जगात इतरत्रही दिसते. मधुमेह्यांच्या आतड्यांतल्या वस्तीत फरक पडलेला असतो, हेही त्यांनी नोंदले आहे. 2018 साली दुसऱ्या एका संशोधक गटाने देशातल्या 14 ठिकाणच्या 1,004 माणसांची अशीच गणती प्रसिद्ध केली. वस्ती बदलते म्हणून रोग होतो, की रोग होतो म्हणून वस्ती बदलते, याचा उलगडा मात्र अजून व्हायचा आहे. म्हणून बाजारात कुणी ‘पोटातले जिवाणू सुधारणारी’ पूड घेऊन आला, तर लगेच कनवटीला हात घालू नका. आणि चालू औषध डॉक्टरांना विचारल्यावाचून सोडू नका.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्या वर्गात एक सोपी गोष्ट करता येईल. मुलांना आठवडाभर घरच्या ताटाची नोंद करायला सांगा: पालेभाजी किती वेळा, दूध-दही किती वेळा, फळ किती वेळा. विल्सबाई आणि तळपदे यांनी मुंबईत कामाला आरंभ केला तो असाच, वही आणि पेन्सिल घेऊन.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. आपल्याकडे सून शेवटी जेवते. तिच्या वाट्याला पातेल्याच्या बुडाशी उरलेले येते. भाजी संपलेली असते, दही पुरुषमाणसांना वाढून झालेले असते. दिवस गेल्याचे कळले की मग तिचे डोहाळे पुरवण्याची धावपळ सुरू होते. वांद्र्याच्या त्या हजारो बायांनी रोज केंद्रावर येऊन, समोर ठेवलेले खाऊन जे शिकवले, ते असे की तेव्हा बराच उशीर झालेला असतो. तिचे ताट लग्न होऊन ती घरात आली त्या दिवसापासून भरलेले हवे. आज रात्री मेथीची भाजी झाली, तर आधी तिला वाढा.