घाटातल्याचे पान

आमच्या घरी पितृपक्षात एक पान जास्त वाढतात. आजा, पणजा, खापरपणजा यांची पाने नावानिशी होतात आणि शेवटी एक पान उरते, ते 'घाटातल्याचे'. लहानपणी आम्हा मुलांना वाटे की हा कुणी घाटावरून येणारा पाहुणा असावा, आणि तो कधीच येत नाही म्हणून त्याची खीर आम्हाला मिळते. तो आमच्या खापरपणज्याचा धाकटा भाऊ होता, बोरघाटातल्या आगगाडीच्या कामावर गेला होता आणि परत आला नाही, हे पुष्कळ वर्षांनी तात्यांनी सांगितले. त्याचे नाव मात्र तात्यांनाही ठाऊक नाही.

तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. रेल्वेत गँगमन म्हणून लागले आणि मुकादम होऊन निवृत्त झाले. रुळावर चालून चालून त्यांचे पाऊल अजून स्लीपरच्या अंतराने पडते. गेल्या नवरात्राच्या सुट्टीत ते मला म्हणाले, "मास्तर, तुझी फटफटी आहे तोवर मला एकदा त्या टाकून दिलेल्या बोगद्यापाशी ने. अख्खी नोकरी चालू बोगद्यांत गेली, बंद पडलेला एकही पाहिला नाही."

फटफटी म्हणजे आमची जुनी बुलेट. मागे सत्तरी ओलांडलेले तात्या, कानाला मफलर, हातात बॅटरी, अशा थाटात पहाटे चारला आम्ही कर्जतहून निघालो. द्रुतगती महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, ही माझ्या मते देवाची कृपाच. त्यामुळे जुन्या घाटाने चढावे लागते, आणि जुन्या घाटात शिंग्रोबाचे देऊळ लागते. शिंग्रोबा हा धनगर. घाटातून वर जाण्याची वाट इंग्रजांना सापडेना, ती त्याने दाखवली आणि बक्षीस म्हणून गोळी खाल्ली, अशी लोककथा आहे. तिला कागदाचा आधार विचारू नये. पण येणारे-जाणारे गाडीवाले आजही तिथे नाणे टाकतात. तात्यांनी खाली उतरून टाकले. "वाट दाखवणाऱ्याचं देऊळ तरी झालं," एवढेच ते म्हणाले.

आता थोडा इतिहास सांगणे भाग आहे. वाचकांनी फराळाचे ताट बाजूला ठेवण्याची गरज नाही.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, ती कथा आपण सर्वांनी शाळेत पाठ केली आहे. पण एकवीस मैलांच्या त्या सपाट मार्गाने मुंबईच्या व्यापाऱ्याचे पोट भरणार नव्हते. त्याला देशावरचा कापूस हवा होता आणि मध्ये सह्याद्री उभा होता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले याने थळघाट आणि बोरघाट असे दोन मार्ग आखले. तोवर काय सोय होती, तेही मजेचे आहे. १८५६ साली रूळ खोपोलीपर्यंत गेले आणि १८५८ साली खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत पडले. मधला डोंगर तसाच! उतारूंनी खोपोलीला उतरावे, १८३० साली गव्हर्नर माल्कमच्या कारकिर्दीत बांधून काढलेल्या सडकेने पालखीत नाही तर पायी खंडाळा गाठावा, आणि पुन्हा गाडीत बसावे.

घाटाचे काम १८५६ च्या आरंभी सुरू झाले. सुमारे सोळा मैलांत १८३१ फूट चढायचे. काही ठिकाणी चढ ३७ फुटांना एक फूट. पंचवीस बोगदे आणि आठ मोठे पूल. सगळ्या बोगद्यांची लांबी एकत्र केली तर सव्वादोन मैलांच्या आसपास भरते. आकडा ऐकायला लहान वाटतो. पण हा दगड म्हणजे सह्याद्रीचा काळा फत्तर, आणि हाताशी काय, तर पहार, घण आणि बंदुकीची दारू. डायनामाईट अजून जन्माला यायचे होते. एकाने पहार धरायची, दुसऱ्याने घण घालायचा, वीतभर भोक पडले की पुढची वीत. मग दारू ठासायची, वात लावायची आणि पळायचे. सपाटीवरच्या बोगद्याला वरून विहिरी खणून मधूनही तोंडे काढता येतात. इथे डोक्यावर डोंगराचा एवढा भार, की बहुतेक ठिकाणी दोन्ही टोकांकडूनच कोरत यावे लागले. कड्यांवर तर पाय ठेवायला जागा नव्हती, तिथे माणसे दोरांनी खाली सोडत.

काम फॅविएल नावाच्या गोऱ्या कंत्राटदाराकडे होते. त्याच्या हाताखाली पोटकंत्राटदार, त्यांच्या हाताखाली मुकादम, आणि सगळ्यांत खाली मजूर. वरून निघालेला पैसा खाली पोचेपर्यंत किती झिरपतो, हे आपल्याला सांगायला नको. मजुरी थकली. जानेवारी १८५९ मध्ये मजूर उठले आणि गोऱ्या अंमलदारांवर तुटून पडले. सत्तावन्नची धामधूम ताजी असल्याने सरकार चपापले, आणि चौकशीत मजुरांचे पैसे खरोखरच थकले असल्याचे निघाले. त्याच वर्षी फॅविएलने काम सोडले. पुढल्या वर्षी, १८६० साली, अशा कामांवरील मालक-मजुरांचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट निकालात काढावेत म्हणून कायदा झाला. त्या कायद्याला दोन धारा होत्या. थकलेली मजुरी मिळवून देता येत होती, तशीच करार मोडून निघून जाणाऱ्या मजुराला शिक्षाही करता येत होती. यातली कोणती धार जास्त चालली असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

फॅविएलनंतर सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार विलायतेहून आला, आणि आल्यावर थोड्याच आठवड्यांत, १८५९ सालीच, मरण पावला. आता खरी नवलाची गोष्ट पुढे आहे. त्याची बायको अ‍ॅलिस हिने परतीचे जहाज धरले नाही. तिने नवऱ्याचे कंत्राट आपल्या अंगावर घेतले, अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या दोन इंजिनिअरांच्या हाती प्रत्यक्ष काम सोपवले आणि १८६३ साली ते पुरे करून दिले. त्या बाईला फोटो काढण्याचाही नाद होता. घाटातल्या कामाची तिने काढलेली छायाचित्रे आजही उपलब्ध आहेत. मी वर्गात हे सांगतो तेव्हा मुली ताठ बसतात. कादंबरीकार म्हणून मला या बाईचा मोह पडायला हवा, आणि पडतोही. पण त्या फोटोंत दरडीवर मुंगीएवढ्या दिसणाऱ्या माणसांवरून माझी नजर हलत नाही.

त्या मुंग्या किती होत्या? १८६१ च्या हंगामात घाटात चाळीस हजारांहून जास्त माणसे काम करीत होती. पुरुष दगड फोडीत. बायका आणि पोरे पाट्या वाहत. पावसाळ्यात काम थंडावे, म्हणून वर्षातले आठ महिने काय तो हंगाम. राहायला पाल्याच्या खोपी, आणि उन्हाळ्यात पाण्याचे हाल. जिथे पाणी तिथे पटकी आली. एका वर्षी पटकीने अशी झोड उठवली की मेलेल्यांहून पळालेले जास्त झाले. सगळी वर्षे मिळून या घाटात पंचवीस हजारांच्या आसपास माणसे मेली असावीत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. अंदाज म्हणायचे कारण, घणाच्या ठोक्यांचा आणि फोडलेल्या दगडाच्या घनयार्डांचा हिशेब ठेवला गेला, माणसांचा नाही. बर्कले स्वतःही प्रकृती ढासळून मायदेशी परतला आणि १८६२ साली, घाट खुला होण्यापूर्वीच वारला. त्याचे नाव राहिले, आणि ते राहिले याबद्दल माझी तक्रार नाही.

असो. खंडाळ्याच्या अलीकडे आम्ही पोचलो तेव्हा झुंजुमुंजू झाले होते. इथेच तो प्रसिद्ध अमृतांजन पूल होता, मलमाच्या जाहिरातीवरून नाव पडलेला. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत रस्ता रिकामा सापडला आणि तो सुरुंग लावून पाडला. त्याच परिसरात जुने रिव्हर्सिंग स्टेशन होते. ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. डोंगराच्या सोंडेवर गाडीला वळण घ्यायला जागा नव्हती. म्हणून गाडी सरळ सोंडेच्या टोकापर्यंत न्यायची, तिथे इंजिन सोडून दुसऱ्या तोंडाला जोडायचे आणि उलट दिशेने पुढचा चढ चढायचा. खाली उतरणाऱ्या गाडीचा ब्रेक लागला नाही, तर टोकापुढे दरी. १८६९ साली एक गाडी अशी गेलीही. त्यानंतर बेफाम गाडीला अडवायला चढाच्या बाजूफाट्या काढल्या गेल्या. रेल्वेवाले त्यांना 'कॅच सायडिंग' म्हणतात. तात्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे त्यांच्यावरची खडी सारखी करण्यात घातली.

पुढे गाड्या लांब आणि जड झाल्या आणि हा उलटापालटीचा खेळ परवडेना. विजेची गाडी आणायचे ठरले तेव्हा नवे बोगदे खोदून मार्ग सरळ केला, आणि १९२९ साली पुण्यापर्यंत वीज आली. दुसऱ्याच वर्षी डेक्कन क्वीन धावू लागली. जुना रस्ता, जुने स्टेशन, जुना बोगदा, सगळे एका दिवसात वनवासी झाले.

रूळ कधीच उखडून नेलेले. पण जिथून आगगाडी गेली तिथला चढ माणसाला कळतही नाही इतका सौम्य असतो. त्या पट्ट्यावरून, कारवीच्या झुडपांतून, मी गाडी पहिल्या गिअरमध्ये रखडत नेली. तात्या मागे बसायला तयार नव्हते. ते स्लीपरच्या अंतराने पावले टाकीत चालले. बोगद्याचे तोंड घडीव दगडाचे आहे, कमान अजून जागची हललेली नाही. आत चिखल, पाझरणारे पाणी आणि वटवाघळांची घाण. मी दारातच गाडी उभी केली आणि दिवा आत सोडला. वटवाघळांचा एक थवा आमच्या डोक्यांवरून गेला. तात्यांनी मफलर सावरला, पण पाऊल मागे घेतले नाही.

छपरावर अजून काजळी आहे. शेवटची वाफेची गाडी जाऊन नव्वदाहून जास्त वर्षे झाली तरी बोट लावले तर बोट काळे होते. पण तात्या छपराकडे बघत नव्हते. ते भिंतीशी उभे राहून बॅटरी तिरपी धरून काही शोधत होते. गँगमनची नजर ती.

"हे बघ," ते म्हणाले.

दगडात उभी पन्हळ होती. हातभर लांब, गुळगुळीत, अर्धगोल. पहारीने पाडलेल्या भोकाचा उरलेला अर्धा भाग. दुसरा अर्धा सुरुंगाबरोबर उडून गेला. एक दिसल्यावर मग दहा दिसल्या, वीस दिसल्या. सगळी भिंत पन्हळींनी भरलेली. तात्यांनी एकीत तर्जनी घातली आणि वरून खाली ओढत नेली.

"किती दिवस लागले असतील रे एवढ्याला?"

"फत्तर कसा लागला त्यावर असणार, तात्या."

"आणि डावखुरा होता हा," ते म्हणाले. "बघ, कशी तिरकी गेलीय. आपल्या घरात डावखुरे पुष्कळ."

मी काही बोललो नाही. पंचवीस बोगद्यांतला हा एक. चाळीस हजार माणसांतला कोण कुठे बसला होता, कोण सांगणार? शिवाय तिरक्या पन्हळीवरून हात ओळखता येतो की नाही, याचीही मला शंका आहे. मी शाळेत इतिहास शिकवतो. पुराव्याशिवाय बोलू नये असे मुलांना बजावतो. पण तात्यांनी कोटाच्या खिशातून कागदाची पुडी काढली तेव्हा मी गाडीचा दिवा त्या भिंतीवर वळवून धरला. पुडीत साखर आणि खोबरे होते. त्यांनी ते पन्हळीच्या तळाशी ठेवले, आणि कुणाशी तरी बोलावे तसे हलकेच म्हणाले, "नाव तेवढं सांगितलं असतंस तर बरं झालं असतं."

आम्ही बाहेर आलो तेव्हा ऊन वर चढले होते. डोंगराच्या पोटातून घरघर ऐकू आली, ती वाढत गेली, आणि पलीकडच्या चालू मार्गावरून डेक्कन क्वीन मुंबईकडे उतरू लागली. खिडक्यांत माणसे वर्तमानपत्रे वाचीत होती. तात्यांनी सवयीने घड्याळ काढले.

"चार मिनिटं लेट," ते म्हणाले, आणि फटफटीवर बसले.