जोतीरावांचे शाळासोबती

जातिभेद ओलांडणाऱ्या बालपणीच्या मैत्रीविषयी आपण बहुधा हळवे होऊन बोलतो. दोन निरागस मुले, मध्ये मोठ्यांनी उभी केलेली भिंत आणि अखेर ताटातूट, हा त्या कथनाचा ठरलेला साचा. एकोणिसाव्या शतकातील पुण्यातली एक मैत्री मात्र या साच्यात बसत नाही.

माळ्याच्या मुलाला शिक्षण कशाला, या सल्ल्यापायी जोतीराव फुले यांची शाळा मध्येच सुटली होती. गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांनी वडील गोविंदरावांचे मन वळवले आणि १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. तेथे सदाशिव बल्लाळ गोवंडे या ब्राह्मण मुलाशी त्यांचे मैत्र जुळले. मोरो विठ्ठल वाळवेकर आणि सखाराम यशवंत परांजपे हेही त्यांच्या मित्रमंडळीत होते. या स्नेहाचे श्रेय केवळ मनाच्या मोठेपणाला देता येणार नाही. माळ्याच्या आणि ब्राह्मणाच्या मुलाला एकाच वर्गात बसवणारी शाळा त्याआधी अस्तित्वात यावी लागली.

वर्गाबाहेरचे जग वेगळे होते. १८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत जोतीराव सामील झाले, तेव्हा वरातीतल्या मंडळींनी जातीवरून त्यांचा अपमान केला. मित्राचे आमंत्रण मनापासूनचे असेल, पण वरातीला ते मान्य नव्हते. त्याच वर्षी बुधवार पेठेतील भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली. सनातन्यांचा रोष पत्करून गोवंडे आणि इतर मित्र त्या कार्यात जोतीरावांच्या पाठीशी उभे राहिले. वरातीत जे साधले नाही ते शाळेच्या कामात साधले.

खरी कसोटी पुढे, महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्यावर लागली. या मुलांना काय शिकवावे? ब्राह्मण मित्रांना लिहिण्यावाचण्यापुरते शिक्षण पुरेसे वाटत होते. आपले बरेवाईट ओळखण्याचे आणि आपल्या दास्याचे मूळ समजण्याचे ज्ञान त्यांना मिळावे, असा जोतीरावांचा आग्रह होता. १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या 'गुलामगिरी'त त्यांनी हा मतभेद नोंदवला. विशेष म्हणजे ब्राह्मणी वर्चस्वावर इतके कठोर प्रहार करणाऱ्या त्या ग्रंथात मित्रांचे साहाय्यही त्यांनी लपवलेले नाही.

जोतीरावांच्या या प्रांजळपणात मला या मैत्रीचे मोल दिसते. मित्रांनी सोबत केली, किंमतही मोजली. तरी ज्ञानाची मर्यादा आखण्याचा अधिकार आपलाच, हे त्यांनी मनोमन गृहीत धरले होते. दुष्टाव्यापेक्षा असे गृहीतक ओळखणे कठीण असते, कारण ते स्नेहाच्या पोटात दडलेले असते. दलित आत्मकथनांतले शाळासोबती वर्गात शिकवताना, कोणी कोणाबरोबर भाकरी खाल्ली एवढ्यावर आपण थांबतो. मित्राने किती शिकावे, हे कोणी ठरवले, हा प्रश्नही तेथे विचारायला हवा.