मैलांचे नाणे : ‘माइल्स’वर युरोप गाठण्याचा इतिहास

१/ १९९९ साली कॅलिफोर्नियातील एका अभियंत्याने स्वस्त किराणा दुकाने धुंडाळून पुडिंगचे १२,१५० छोटे डबे विकत घेतले. एका डब्याची किंमत २५ सेंट. त्याचे लक्ष पुडिंगपेक्षा डब्यावरील बारकोडवर अधिक होते. ‘हेल्दी चॉइस’ या कंपनीने दहा बारकोडमागे ५०० माइल्स, आणि ते लवकर पाठविल्यास दुप्पट म्हणजे १,००० माइल्स देऊ केले होते. एकूण खर्च ३,१४० डॉलर. पदरी पडले साडेबारा लाखांहून अधिक माइल्स.

२/ त्या काळी अमेरिकेतून युरोपचे बिगरहंगामी परतीचे तिकीट ४० हजार माइल्समध्ये मिळे. म्हणजे पुडिंगच्या मोबदल्यात युरोपच्या ३१ वाऱ्या. दर वारीस साधारण शंभर डॉलर! पण पुडिंगचे तिकीट झाले कसे? हे ‘माइल्स’ नावाचे नाणे कोणी पाडले, त्याचे मोल कोण ठरवतो आणि ते खरोखर कोणाच्या मालकीचे असते? आजचा धागा या तीन प्रश्नांचा मागोवा घेणारा आहे.

३/ प्रथम पार्श्वभूमी. दुसऱ्या महायुद्धानंतर अटलांटिक महासागरावरील विमानभाडी ‘आयाटा’ या विमानकंपन्यांच्या संघटनेत परस्परसंमतीने ठरत आणि सरकारे त्यांवर शिक्कामोर्तब करीत. १९५२ साली ‘टुरिस्ट’ वर्ग सुरू झाला, तेव्हा मध्यमवर्गासाठी दार किंचित किलकिले झाले. आइसलंडच्या ‘लोफ्तलेदिर’ कंपनीने आयाटाबाहेर राहून आपल्या देशामार्गे स्वस्त प्रवास घडविला. तिची विमाने धीमी होती; पण पाठीवर पिशवी टाकून निघालेल्या तरुणांना वेळेपेक्षा पैशाची टंचाई अधिक होती.

४/ पुढचा धक्का दिला ब्रिटनच्या फ्रेडी लेकर यांनी. २६ सप्टेंबर १९७७ रोजी त्यांची ‘स्कायट्रेन’ लंडनच्या गॅटविक विमानतळावरून न्यूयॉर्ककडे झेपावली. एकेरी भाडे अवघे ५९ पौंड. आगाऊ आरक्षण नाही, जेवण हवे तर वेगळे पैसे. लोक तिकिटासाठी रांगा लावू लागले. बड्या कंपन्यांनीही मग भाडी उतरविली आणि कर्जाच्या ओझ्याखाली दबलेली लेकर यांची कंपनी फेब्रुवारी १९८२ मध्ये कोसळली.

५/ अमेरिकेत याच सुमारास मोठे स्थित्यंतर घडत होते. १९३८ पासून तेथील देशांतर्गत भाडी आणि मार्ग सरकारी ‘सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्ड’ ठरवीत असे. भाड्यात स्पर्धा करण्यास वावच नसल्याने कंपन्या जेवण आणि सरबराई यांवर भर देत. २४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी नियंत्रणमुक्तीच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. नव्या कंपन्या बाजारात उतरल्या, भाडी घसरली आणि जुन्या कंपन्यांपुढे प्रश्न उभा राहिला : गिऱ्हाईक बांधून ठेवायचे कसे?

६/ उत्तर संगणकाच्या पोटात दडलेले होते. ‘अमेरिकन एअरलाइन्स’ने आयबीएमच्या साहाय्याने ‘सेबर’ ही आरक्षणव्यवस्था उभारली होती. त्या नोंदींतून पुन्हा पुन्हा आढळणारे दूरध्वनी क्रमांक वेचून कंपनीने आपले नेहमीचे प्रवासी हुडकले. रॉबर्ट क्रँडल अध्यक्ष असताना, १ मे १९८१ रोजी, या प्रवाशांसाठी ‘ए-अ‍ॅडव्हांटेज’ योजना सुरू झाली. जितके मैल उडाल, तितके ‘माइल्स’ खात्यावर जमा. काही दिवसांतच ‘युनायटेड’ने आपली ‘माइलेज प्लस’ योजना आणली आणि इतरांनीही त्याच वर्षी तोच मार्ग धरला.

७/ या योजनेचे मर्म रिकाम्या आसनात होते. संध्याकाळी भाजीवाल्याकडे उरलेली मेथी आणि विमानात उरलेले आसन यांची जातकुळी एकच : वेळ टळली की मोल शून्य. असे आसन कोणास फुकट दिले, तर कंपनीस भुर्दंड पडतो तो थोड्याशा इंधनाचा आणि एका जेवणाचा. प्रवाशाच्या दृष्टीने मात्र ती शेकडो डॉलरची भेट ठरते. देणाऱ्याला जवळजवळ फुकट आणि घेणाऱ्याला मौल्यवान, असा हा व्यवहार होता.

८/ दुसरे मर्म याहून चतुर होते. सर्वाधिक उडणारे प्रवासी कामानिमित्त फिरत. तिकिटाचे पैसे त्यांची कचेरी भरत असे. माइल्स मात्र जमा होत ते प्रवाशाच्या वैयक्तिक खात्यात. साहजिकच भाडे चार डॉलर अधिक असले, तरी तो आपल्या लाडक्या कंपनीचेच तिकीट मागे. वर्षभर डॅलस–शिकागो खेपा घालायच्या आणि सुट्टीत कुटुंबासह पॅरिस गाठायचे, हे मध्यमवर्गीय अमेरिकेचे नवे स्वप्न झाले.

९/ लवकरच माइल्स कमावण्यासाठी उडण्याचीही गरज उरली नाही. १९८७ मध्ये सिटीबँकेने अमेरिकन एअरलाइन्ससह क्रेडिट कार्ड आणले : एक डॉलर खर्चा, एक माइल मिळवा. बँक हे माइल्स विमानकंपनीकडून रोख मोजून विकत घेई. येथे नाण्याचे स्वरूप पालटले. आजवर निष्ठेचे बक्षीस असलेली वस्तू आता विक्रीचा माल झाली. पुडिंगवाल्या कंपनीनेही बारा वर्षांनी हाच माल विकत घेऊन वाटला.

१०/ पण टांकसाळ जोरात चालली की नाण्याचे मोल घसरते, हा इतिहासाचा जुना धडा आहे. १९८८ मध्ये तर कंपन्यांनी चढाओढीने तिप्पट माइल्स वाटले. माइल्सचे ढीग साचले, आसने मात्र तितकीच राहिली. त्यातून प्रत्येकास हवा असे तो उन्हाळाच : जून ते ऑगस्ट, युरोप. नेमकी त्याच दिवसांत विमाने रोख पैसे मोजणाऱ्यांनी भरून जात. रिकाम्या आसनावर बेतलेली योजना भरलेल्या विमानापाशी येऊन अडखळली.

११/ त्याच वर्षी अमेरिकन एअरलाइन्सने नियम बदलले. माइल्सवर मिळणाऱ्या आसनांची संख्या मर्यादित केली आणि काही तारखा पूर्णपणे वर्ज्य ठरविल्या. हे निर्बंध आधीच कमावलेल्या माइल्सनाही लागू झाले. खेळ चालू असताना नियम बदलल्याची भावना प्रवाशांत पसरली आणि इलिनॉय राज्यात खटला उभा राहिला. ‘अमेरिकन एअरलाइन्स विरुद्ध वोलेन्स’ या नावाने तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला.

१२/ जानेवारी १९९५ मध्ये निकाल लागला. १९७८ च्या नियंत्रणमुक्ती कायद्यामुळे राज्यांचे ग्राहकसंरक्षण कायदे येथे लावता येणार नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. मात्र कंपनीने स्वतः केलेला करार मोडल्याचा दावा प्रवासी करू शकतात, हेही मान्य केले. निकालातून कंपन्यांनी घेतलेला बोध सरळ होता : कराराचीच भाषा अशी लिहावी की नियम बदलण्याचा अधिकार आपल्याच हाती राहील.

१३/ दरम्यान नाण्याचा प्रदेश विस्तारला. १९९७ मध्ये ‘स्टार अलायन्स’, १९९९ मध्ये ‘वनवर्ल्ड’ आणि २००० मध्ये ‘स्कायटीम’ या आघाड्या अवतरल्या. एका कंपनीचे माइल्स दुसरीच्या विमानात चालू लागले. एका खंडात कमवावे आणि दुसऱ्या खंडात खर्चावे, ही सोय झाली. आपला पुडिंगवाला अभियंता याच मोसमातला. हजारो बारकोड सोलायचे कोणी? त्याने पुडिंग ‘साल्व्हेशन आर्मी’ला दान केले, तेथील स्वयंसेवकांनी वेष्टने काढून दिली आणि दानाबद्दल करसवलतही मिळाली.

१४/ आता मालकीचा प्रश्न. कचेरीच्या पैशांतून मिळालेले माइल्स कोणाचे? २००२ मध्ये अमेरिकेच्या करखात्याने अशा माइल्सच्या वैयक्तिक वापरावर कर लावण्याचा आग्रह धरणार नसल्याचे जाहीर केले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात जर्मनीत मात्र वादळ उठले. सरकारी दौऱ्यांतून मिळालेले माइल्स खासगी प्रवासासाठी वापरल्याचे उघड होताच बर्लिन राज्याच्या अर्थव्यवस्था खात्याचे मंत्री ग्रेगोर गिझी यांनी पद सोडले. ग्रीन पक्षाचे चेम ओझदेमीर यांनाही माघार घ्यावी लागली. एका देशात जी गोष्ट नजरेआड झाली, तिनेच दुसऱ्या देशात पदे घालविली.

१५/ २०१४ मध्ये प्रश्न पुन्हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात आला. ‘नॉर्थवेस्ट’ कंपनीने वारंवार तक्रारी करणाऱ्या एका सदस्यास योजनेतून काढून टाकले होते. असा निर्णय सर्वस्वी आमच्या मर्जीचा, असे करारातच नमूद असल्याचे कंपनीचे म्हणणे. सद्भावनेने वागण्याच्या अलिखित कर्तव्याचा आधार त्या सदस्याने घेतला. न्यायालयाने एकमताने त्याचा दावा फेटाळला. बारीक अक्षरांतल्या अटीच अखेर भारी ठरल्या.

१६/ यानंतर ‘मैल’ या शब्दाचाच अर्थ हरपला. २०१५ मध्ये ‘डेल्टा’ आणि ‘युनायटेड’, तर २०१६ मध्ये ‘अमेरिकन’ यांनी अंतराऐवजी तिकिटाच्या किमतीनुसार माइल्स देण्यास सुरुवात केली. लांब पल्ल्याचे स्वस्त तिकीट काढणाऱ्याचे उत्पन्न आटले. डेल्टाने तर कोणत्या प्रवासास किती माइल्स लागतील याचा जाहीर तक्ताच काढून टाकला. जुन्या तक्त्यांत निदान नियम दिसत : अमेरिकन एअरलाइन्सच्या तक्त्यात १५ ऑक्टोबर ते १५ मे या काळात युरोपचा एकेरी प्रवास २० हजारांत, तर ऐन उन्हाळ्यात ३० हजारांत होई.

१७/ आणि मग आले २०२०. महामारीने विमाने जमिनीवर खिळली. कंपन्यांना कर्ज हवे होते, पण तारण काय ठेवणार? युनायटेडने माइल्सची योजनाच गहाण टाकून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. त्या योजनेचे मूल्यांकन सुमारे २२ अब्ज डॉलर होते, म्हणजे तेव्हाच्या संपूर्ण कंपनीच्या बाजारमूल्याहून अधिक! डेल्टाने याच वाटेने ९ अब्ज, तर २०२१ मध्ये अमेरिकनने १० अब्ज डॉलर उभारले. विमान थांबले होते. टांकसाळ चालूच होती.

१८/ आपल्याकडचा अनुभवही बोलका आहे. मुंबईत मुख्यालय असलेली जेट एअरवेज २००५ पासून मुंबई–लंडन उड्डाणे करीत होती आणि अनेक कुटुंबांनी तिच्या माइल्सवर युरोपचे बेत आखले होते. १७ एप्रिल २०१९ रोजी कंपनीची उड्डाणे थांबली. योजना स्वतंत्र कंपनीच्या हाती असल्याने खात्यावरील आकडे वाचले आणि योजना ‘इंटरमाइल्स’ या नव्या नावाने पुढे चालली. पण ज्या विमानात बसायचे होते, ते विमानच उरले नव्हते.

१९/ इतिहासाच्या अभ्यासकांना येथे मुहंमद तुघलक आठवेल. चौदाव्या शतकात त्याने हलक्या धातूची नाणी काढून त्यांना चांदीच्या टाकाचे मोल दिले. प्रयोग फसला, तेव्हा खजिन्यातून चांदी देऊन त्याने ती नाणी परत घेतली. त्याला आपण लहरी म्हणतो. पण दिलेला शब्द त्याने पाळला. माइल्स पाडणाऱ्यांवर तेवढेही बंधन नाही. उद्या त्याच लंडनच्या तिकिटास दुप्पट माइल्स मागितले, तरी तो करारभंग ठरत नाही.

२०/ म्हणून या नाण्यावर युरोप पाहू इच्छिणाऱ्याने चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. माइल्स साठवून ठेवू नयेत. त्यांवर व्याज मिळत नाही आणि मोल घटत जाते. आसने बहुधा अकरा महिने आधी खुली होतात, तेव्हाच पाहावीत. जुलै–ऑगस्ट टाळून मेचा पूर्वार्ध वा सप्टेंबरची अखेर गाठावी. रिकामे आसन तेव्हा सापडते. आणि ‘फुकट’ तिकिटावरील कर आणि इंधन अधिभार आधी मोजावेत; लंडनहून निघताना ते विशेष जड जातात.

२१/ लेकर यांच्या रांगेत उभ्या असलेल्या तरुणाला आणि पुडिंगचे डबे उचलणाऱ्या अभियंत्याला एकच गोष्ट उमगली होती : बड्यांच्या व्यवहारात कुठेतरी फट राहते आणि हिशेबी माणूस तिच्यातून महासागर ओलांडतो. मात्र फट फार काळ उघडी राहत नाही. अभियंत्याचे शहाणपण केवळ हिशेबात नव्हते. देऊ केलेली मुदत संपण्यापूर्वी त्याने सगळे बारकोड टपालात टाकले होते. (समाप्त)