हुसेन यांचा घोडा आणि इंदूरचे संस्कार

होळकरांच्या इंदुरास घोड्याचे अप्रूप कधीच नव्हते. घोडदळाच्या बळावर मल्हारराव होळकरांनी माळव्यात सत्ता रुजविली. विसाव्या शतकाच्या आरंभी लढायांचा काळ सरला होता. घोडा मात्र टांग्याला जुंपलेला का होईना, नगराच्या रस्त्यांवर होताच. याच नगरीत मकबूल फिदा हुसेन यांचे बालपण गेले.

हुसेन यांचा जन्म १९१५ मध्ये पंढरपूर येथे झाला. दीड वर्षाच्या आतच मातृछत्र हरपले. पुढे वडिलांनी दुसरा विवाह केला आणि हे कुटुंब इंदुरास आले. मोहरमच्या मिरवणुकीत ताजियांसमवेत निघणारी दुलदुल घोड्याची प्रतिकृती त्या बालमनावर खोल ठसली. करबल्याच्या शोककथेतील हा घोडा स्वाराविना परततो. हुसेन यांच्या चित्रांतील घोडेही बहुधा स्वाराविना व लगामाविना उधळतात, हा केवळ योगायोग मानणे कठीण आहे.

येथे मराठी वाचकास वारीतील रिंगण आठवेल. तेथेही एक अश्व रिकाम्या पाठीने धावतो आणि त्यावर साक्षात माउली आरूढ आहेत, अशी वारकऱ्यांची श्रद्धा असते. तथापि पंढरपूर सुटले तेव्हा हुसेन अजाण बालक होते. हे साम्य आपल्या मनास सुखावणारे असले, तरी त्यास चित्रकाराच्या आठवणीचा पुरावा मानता येणार नाही.

आठवणीस आकार देण्यासाठी शिक्षण लागते. वडोदरा येथील मदरशात त्यांना सुलेखनाची गोडी लागली. इंदुरास दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांच्या चित्रशाळेत त्यांनी काही काळ धडे घेतले. नारायण श्रीधर बेंद्रे आणि विष्णू चिंचाळकर हेही याच गुरूंचे शिष्य. एका मराठी शिक्षकाच्या हाताखालून असे भिन्न प्रकृतीचे कलावंत बाहेर पडावेत, ही देवळालीकरांच्या अध्यापनाची थोरवी होय.

पुढे मुंबईत चित्रपटांचे भव्य फलक रंगविताना हुसेन यांच्या कुंचल्यास झपाटा आला. १९४७ मध्ये ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये सामील झाले. १९५२ च्या चीन प्रवासात त्यांनी शू बेइहाँग यांचे शाईतील घोडे अभ्यासले. त्यानंतर युरोपात मारिनो मारिनी यांची अश्वशिल्पे पाहिली. मारिनींचा स्वार घोड्यावरून ढासळत असतो. हुसेन यांच्या घोड्यास स्वाराची गरजच उरत नाही. ताणलेली मान, फुललेल्या नाकपुड्या आणि हवेत उचललेले खूर यांतून केवळ वेग व्यक्त होतो. परदेशाने रीत दिली. बीज मात्र इंदूरच्या मिरवणुकीतले होते.

१९९१ मध्ये पद्मविभूषण लाभलेल्या या चित्रकाराची उत्तरायुष्यातील वाट बिकट ठरली. देवतांच्या चित्रांवरून १९९६ पासून तीव्र वाद उठले आणि खटले दाखल झाले. २००६ मध्ये त्यांनी देश सोडला, २०१० मध्ये कतारचे नागरिकत्व स्वीकारले आणि ९ जून २०११ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. त्या वादांविषयी सुजाणांची मते भिन्न आहेत व राहतील. परंतु पंढरपुरास जन्मलेल्या, इंदुरास वाढलेल्या कलावंतास अखेरची विश्रांती परभूमीत घ्यावी लागली, ही सल उरतेच. त्यांचे घोडे जगभरच्या संग्रहांत पोहोचले आहेत. त्यांची पहिली टाप माळव्याच्या मातीवर उमटली, एवढे तरी या नगरीने विसरू नये.